दमलेला बाप, जागी लेक

मागच्या वर्षी आमच्या धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न झालं, भालकीला. लग्नाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत पंगती उठतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे रात्री पुरुषमंडळी गच्चीवर जमली तेव्हा त्यांच्यापुढे चहा नव्हता, फराळ नव्हता. होता तो फक्त मोबाईल. एक आडतवाले, एक कापडवाले, एक रिटायर व्हायला आलेले मास्तर, सोलापूरचे पाहुणे, नवरीचे वडील आणि आमचे हे. सगळे पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे. कुणीतरी ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ लावलं.

मी सतरंज्या घेऊन वर गेले तेव्हा गच्ची गप्प झाली होती. मास्तर चष्मा काढून पुसत होते. कापडवाले आकाशाकडे बघत होते. नवरीच्या वडिलांनी तर उपरणं तोंडावर धरलं होतं. मागून आलेली जाऊ माझ्या कानात म्हणाली, “बघा की अक्का, सगळे रडू लागलेत. काल मंडपवाल्याशी भांडताना कसे वाघ झाले होते!”

आम्ही हसू दाबत खाली आलो. खाली नवरी मेंदीचे हात पुढं धरून जागीच होती. मला म्हणाली, “मोठी आई, पप्पा कुठं आहेत? दिवसभर दिसलेच नाहीत. जरा वेळ बसा म्हणावं माझ्याजवळ.” मी परत जिना चढले. भाऊजींना म्हटलं, “पोरगी बोलावते आहे खाली.”

ते म्हणाले, “आलो वैनी. एवढं गाणं संपू दे.”

त्या एका वाक्यानं मला हा लेख लिहायला लावला. बाप मुलीसाठी वर रडतोय आणि मुलगी खाली वाट बघतेय. मधे एक जिना आणि एक गाणं. गाणं चांगलं आहे, म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायला हवं.

आधी हे बघू या की आपल्याकडे बापाच्या वयाचा माणूस गाण्यात रडायला लागला केव्हा. माझ्या लहानपणी आळंदच्या आमच्या घरी रेडिओ होता, आणि रडण्याची गाणी बायकांच्या आवाजात असायची. ‘प्रेमस्वरूप आई’ लिहिलं माधव ज्युलियन यांनी. फारसी शिकवणारा, दाढी करून कॉलेजात जाणारा पुरुष तो, पण गाणं घराघरांत पोचलं ते लताबाईंच्या गळ्यातून. ‘गंगा जमुना डोळ्यात उभ्या का’ हे पी. सावळारामांचं. चाल वसंत प्रभूंची, आवाज पुन्हा लताबाईंचाच. सासरी निघालेल्या लेकीला निरोप देणारं ते गाणं ऐकताना आपल्याला आई दिसते, बाप दिसत नाही. म्हणजे शब्द पुरुषाचे, चाल पुरुषाची आणि रडायचं काम बाईच्या आवाजाकडे. घरातही तेच होतं. पाठवणीला हंबरडा आईनं फोडायचा आणि बापानं बँडवाल्याचा हिशेब करायचा.

हिंदीत बाप जरा आधी उघडपणे रडला. १९६८ च्या ‘नीलकमल’मधलं ‘बाबुल की दुआएँ लेती जा’ हे रफींचं गाणं आपल्या बिदर-कलबुर्गीच्या बाजूला किती लग्नांत वाजलं असेल याची गणतीच नाही. घरी बोली मराठी असो, कन्नड असो, दख्खनी असो, पाठवणीला गाणं हेच. ते लिहिणारे साहिर लुधियानवी जन्मभर अविवाहित राहिले. मुलगी सासरी पाठवण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नाही. मी हे दोष म्हणून सांगत नाही. उलट यावरून कळतं की बापाचं दुःख हा तोवर एक साचा झाला होता, त्यात कुणीही उत्तम काम करू शकत होतं. त्या साच्यातला बाप आशीर्वाद देतो, सुखात राहा म्हणतो आणि दारात उभा राहतो. त्याच्या हातून काही चुकलं होतं का, हा प्रश्न त्या गाण्यात येतच नाही.

मराठीत १९७९ साली ‘अष्टविनायक’ चित्रपट आला आणि त्यातलं ‘दाटून कंठ येतो’ वसंतराव देशपांडे यांनी गायलं. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेला हा गवई. त्याच माणसानं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं नोकरीही केली होती. दिवसभर आकडे आणि संध्याकाळी गाणं, असं आयुष्य काढलेल्या माणसाचा तो आवाज. त्यात बाप आहे, कातर झालेला आहे, पण अजूनही मोठा आहे. तुम्ही-आम्ही ते गाणं ऐकायचं, गायला जायचं नाही. आमच्या मास्तरांनी एकदा गॅदरिंगला प्रयत्न केला होता. असो.

मग संदीप खरे आणि सलील कुलकर्णी आले. ‘आयुष्यावर बोलू काही’ हा त्यांचा कार्यक्रम २००३ पासूनचा, आणि ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ २०१० च्या सुमारास घरोघरी झालं. या गाण्यानं जुना साचा मोडला, हे त्याचं मोठं काम. इथला बाप दारात उभा राहून आशीर्वाद देत नाही. तो लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन घरी येतो, तेव्हा गोष्टीची वाट बघून मुलगी झोपून गेलेली असते. हा बाप अपराधी आहे आणि त्याला ते माहीत आहे. शब्द ऑफिसचे, रोजचे. आवाजही मैफलीचा नाही, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तसा. त्यामुळे झालं असं, की वसंतरावांपुढे दबून बसणारा प्रत्येक बाप हे गाणं गुणगुणू शकला. बापाला मराठी गाण्यात पहिल्यांदा ‘माझं चुकलं’ असं वाटायला जागा मिळाली.

मला हे गाणं भिडतं ते माझ्या वडिलांमुळे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आळंदला त्यांची आडत होती. पौष-माघात तुरीचा हंगाम सुरू झाला की पहाटे जे जायचे ते रात्रीच यायचे. सौदे, वजनं, हमाल, गाड्या. आपल्या घरात उशीर घड्याळावर मोजत नाहीत, सूर्यावर मोजतात. आप्पांना यायला उशीर झाला म्हणजे दिवस बुडाला, आणि दिवस बुडाला म्हणजे त्यांचं जेवण बुडालं. गाण्यातल्या बाबाच्या घरी निदान उशिरा आल्यावर ताट वाढता येत असेल. आमच्या आप्पांना ते रात्रीभोजनाचा त्याग पाळत म्हणून उपाशी झोपावं लागायचं. आई ताट झाकून ठेवायचीच नाही, कारण उपयोग नव्हता. ते यायचे, पाय धुवायचे, आमच्या अंथरुणाशी क्षणभर उभे राहायचे आणि जायचे. मी तेव्हा बऱ्याचदा जागी असायची. डोळे मिटून पडलेली. मला वाटायचं, आता बोलतील. बोलायचे नाहीत.

म्हणून दमलेल्या बापाला मी खोटं म्हणणार नाही. तो दमलेलाच असतो. मात्र गाण्यात तीन गोष्टी अशा आहेत, की ज्या झोपलेल्या मुलीला कळणार नाहीत, जाग्या मुलीला कळतात.

पहिली गोष्ट, कहाणीची. कहाणी हा आपला, बायकांचा प्रकार. श्रावणात, व्रताच्या दिवशी, हातात अक्षता घेऊन आजी कहाणी सांगायची आणि ऐकणाऱ्यांनी मधून मधून ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ थांबलं की आजी थांबायची. म्हणायची, “झोपलीस का गं? मग मी कुणाला सांगू?” कहाणीला ऐकणारा जागा लागतो. या गाण्यात कवीनं कहाणीचं रूप घेतलंय, राजा घेतलाय, पण ऐकणारीला झोपवून ठेवलंय. झोपलेल्या मुलीपुढे कबुली देणं सोपं असतं, कारण ती उलट विचारत नाही.

दुसरी गोष्ट, आईची. गाण्यात आई आहे, पण ओझरतीच. दिवसभर त्या मुलीला, तिच्या रडण्याला आणि बापाच्या वाट बघण्याला जिनं सांभाळलं, ती दमली की नाही, याची विचारपूस गाण्यात नाही. तुम्ही म्हणाल, गाणं बापाचं आहे, त्यात आईचं कशाला? बरोबर. पण दमलेल्या आईची कहाणी लोकांच्या ओठांवर का आली नाही, हा प्रश्न आपण बायांनी विचारायला नको का?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाणं सुरू होतं तेव्हा पाणी मुलीच्या डोळ्यांतलं असतं, वाट बघून वाळलेलं. बाप म्हणतो की माफी मागायला आपल्याला तोंड नाही. आणि शेवटाकडे तोच बाप विचारतो, की तू सासरी जाताना माझ्यासाठी तुझ्या डोळ्यांत पाणी येईल का. म्हणजे देणं बापाकडे होतं, आणि गाणं संपेस्तोवर मागणं बापाचं झालं! हा पालट इतका हळुवार होतो की आपल्याला कळत नाही. गच्चीवरच्या त्या सगळ्या माणसांना तिथंच गहिवरून येतं. आपण मुलीला काय दिलं नाही, यापेक्षा ती आपल्याला विसरेल, या भीतीनं.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. आमचा एक भाचेजावई पुण्यात एका जपानी कंपनीत आहे. त्याच लग्नात तो म्हणाला, “मावशी, तिकडं तर अशी गाणी खास मध्यमवयीन पुरुषांसाठीच असतात.” त्यानं ऐकवली आणि अर्थ सांगितला. ‘एन्का’ नावाचा तिकडचा एक गाण्याचा प्रकार आहे. संथ चाल, थरथरता आवाज, आणि विषय म्हणजे गाव, पाऊस, ताटातूट. १९८४ साली आशिया गन्नोसुके नावाच्या नटानं ‘मुसुमे यो’ गायलं. अर्थ, ‘मुली गं’. हा विनोदी कामांसाठी गाजलेला नट, गवई नव्हेच. लग्न होऊन निघालेल्या मुलीला बाप बोलतो, एवढंच गाणं. अख्ख्या देशात ते गाजलं आणि वर्षाच्या शेवटी होणाऱ्या तिकडच्या मोठ्या टीव्ही कार्यक्रमात त्याला बोलावलं गेलं. दुसरं गाणं १९८६ सालचं, कावाशिमा एइगो याचं, ‘जिदाई ओकुरे’, म्हणजे काळाच्या मागे राहिलेला. त्यातला माणूस ठरल्यापुरतीच दारू पितो, मुलांपुढे कुरकुर करत नाही आणि बायकोला डोळ्यांतलं पाणी दिसू देत नाही. असं राहावं, अशी त्याची इच्छा.

कराओकेचं यंत्रही तिकडचंच. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकानं ते बनवलं. मागं वाद्यं वाजत राहतात आणि कुणीही माणूस पुढं माईक धरून गातो. ऑफिस सुटल्यावर माणसं दारूच्या गुत्त्यात बसतात, एकेक जण उठून ‘मुली गं’ म्हणतो आणि बाकीचे डोळे पुसतात. मला हसू आलं. तिथं पेला आहे, इथं पाण्याचा घोटही नाही. तिथं माईक आहे, इथं मोबाईल. बाकी गच्ची तीच. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. मुलगी तिथं नसते. बायको तिथं नसते. ज्यांच्यासाठी रडायचं त्यांच्यासमोर रडायचं नाही, हा नियम गाण्यानं मोडला नाही, उलट पाळायला सोपा करून दिला.

मुलीच्या बाजूनं बोलणारी गाणी आपल्याकडे कधी नव्हती का? होती. जात्यावरच्या ओव्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा करवून घेतल्या. आपल्या सीमेवर तर एकाच जात्यावर एक बाई मराठीत म्हणते आणि दुसरी कन्नडमध्ये. त्या ओव्यांत बाप येतो, पण बोलते ती लेक. बापानं कुठं दिलं, काय दिलं, परत विचारलं की नाही, सगळं ती मोजून सांगते. तिथं लेक जागी आहे, पहाटे चारला उठलेली आहे.

आणि बापाचं आणखी एक चित्र आपल्या फार जवळचं आहे. कलबुर्गी जिल्ह्यातलं सेडम तालुक्यातलं मळखेड आपल्यापैकी अनेकींनी पाहिलंय. नेमिनाथाच्या बसदीत दर्शन घेतलंय. नवव्या शतकात ही राष्ट्रकूटांची राजधानी, मान्यखेट. तिथला राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानायचा ते आचार्य जिनसेन. त्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या दोन मुलींना मांडीवर घेतात, एकीला अक्षरं शिकवतात आणि दुसरीला अंक. राजा आहे, कामं काय कमी असतील? पण मुली जाग्या असताना त्यांना वेळ मिळतो. तिथं बाप रडत नाही. मुलींना सासरी पाठवण्याचा प्रसंगही नाही, पुढं त्या दोघी दीक्षा घेतात. तिथं बापाचं प्रेम मोजायचं ते हातात दिलेल्या अक्षरावरून.

आपल्या माताजी प्रवचनात सांगतात, की इष्टाचा वियोग झाला की मन त्यातच घोळत राहतं, ते आर्तध्यान. त्यानं कर्म बांधलं जातं, सुटत नाही. पूर्वी मला ते कोरडं वाटायचं. वाटायचं, बाप मुलीसाठी रडला तर त्यात कसलं पाप? आता गाण्याच्या निमित्तानं थोडं कळतं. रडण्यात पाप नसेल, पण घोळत राहण्यात सोय आहे. गाणं पुन्हा लावता येतं. पुन्हा रडता येतं. काही बदलावं लागत नाही.

हे मी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या मुलीला बारावीनंतर धारवाडला शेतीचं शिक्षण घ्यायला जायचं होतं. मार्क होते. ह्यांनी “एवढ्या लांब एकटी नको” म्हटलं. मीही गप्प बसले, हे इथं लिहिलंच पाहिजे. ती गावातच बी.ए. झाली, लग्न होऊन नाशिकला गेली. बोलते, येते, पण ह्यांच्याशी बोलताना तिचा आवाज पाहुण्यासारखा असतो. आणि हे? दर दोन-तीन महिन्यांनी तिला तेच गाणं मोबाईलवर पाठवतात. एकदा ती मला म्हणाली, “आई, बाबांनी पुन्हा गाणं पाठवलंय. स्वतः काय म्हणायचंय त्यांना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून ह्यांचे मेसेज सुरू झाले. फुलं, दिवा आणि ‘उत्तम क्षमा’. हैदराबादच्या दालमिलवाल्याला, बिदरच्या वकिलाला, ज्यांच्याशी भांडण झालं नाही आणि होणारही नाही अशा दीडशे लोकांना. गाण्यातल्या बापाला माफी मागायला तोंड नसतं. त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्याच्या कॅलेंडरात असा दिवस नाही. आपल्याकडे आहे. वर्षातला एक दिवस, लहानमोठं न बघता, प्रत्येकापुढे हात जोडायचा. आपले पुरुष तो व्यापाऱ्यांपुढे जोडतात.

माझ्या आप्पांनी एकदा मात्र तो मोडला होता. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते आळंदहून एसटीनं भालकीला आले, पडवीत बसले, आणि मी पाणी घेऊन गेले तेव्हा माझ्यापुढे हात जोडले. “चुकलंमाकलं असेल तर क्षमा कर,” एवढंच म्हणाले. मला इतकं अवघड झालं की मी आत पळाले. डोळ्यांत त्यांच्या पाणी नव्हतं. माझ्याही नव्हतं. पण लहानपणी अंथरुणात डोळे मिटून ज्याची वाट बघितली होती, ते बोलणं त्या दिवशी झालं.

हे मला आठवलं आणि मी ह्यांच्या हातातून मोबाईल घेतला. म्हटलं, “नाशिकला फुलं नका पाठवू, गाणंही नका पाठवू. नंबर लावा.”

“काय बोलू?” हे म्हणाले. साठीला आलेला माणूस, बाजारात बोलणं न थांबणारा.

“जे गाण्यात म्हणायला तोंड नाही म्हणतात, ते.”

नंबर लावला. आधी पावसाचं बोलले. मग उडदाच्या भावाचं. मग जावयांच्या तब्येतीचं. मी दारात उभी होते, हलले नाही. शेवटी एकदम म्हणाले, “धारवाडला पाठवायला पाहिजे होतं तुला. माझं चुकलं.” पलीकडून काय आलं, मला ऐकू आलं नाही. ह्यांनी “बरं, बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. गाण्याला लागतो त्यापेक्षा कमीच वेळ लागला.

मग टोपी घातली आणि दुकानाला गेले. संध्याकाळी मुलीचा मला फोन आला. गाण्याचा विषय तिनं काढला नाही. म्हणाली, “आई, बाबांना विचार, दिवाळीला मी चार दिवस जास्त राहिले तर चालेल का?”